तिसरी ओळ

ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा डेक्सामिथासोनवरचा शोधनिबंध १७ जुलै २०२० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचे तीन गट तीन ओळींत मांडले आहेत. पहिली ओळ व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची: औषध मिळालेल्या ३२४ पैकी ९५ जण २८ दिवसांच्या आत दगावले, न मिळालेल्या ६८३ पैकी २८३. म्हणजे २९.३ टक्के आणि ४१.४ टक्के. दुसरी ओळ नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांची: १,२७९ पैकी २९८ आणि २,६०४ पैकी ६८२; २३.३ टक्के आणि २६.२ टक्के. तिसरी ओळ इस्पितळात दाखल झालेल्या, पण ऑक्सिजन लागत नसलेल्या रुग्णांची: ५०१ पैकी ८९ आणि १,०३४ पैकी १४५, १७.८ टक्के आणि १४ टक्के. या ओळीत औषध घेतलेल्यांचेच मृत्यू जास्त आहेत.

औषधानेच माणसे गेली असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणता यावे एवढा हा फरक मोठा नाही. पण फायदा झाला असे कुठल्याही कसोटीवर म्हणता येत नाही. आजार तोच, औषध तेच, मात्राही तीच, रोज ६ मिलिग्रॅम. बदलते ते एकच: रक्तातला ऑक्सिजन खाली गेला आहे की नाही. स्टेरॉइडने कोविडमध्ये काय दिले आणि काय नेले याचा निवाडा या तीन ओळींत आधीच झाला होता. पुढच्या दहा महिन्यांत पहिल्या दोन ओळी भारतभर पोचल्या आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले. तिसरी ओळ वाटेत कुठे क्षीण होत गेली, ते उपलब्ध कागद तारखेच्या क्रमाने लावून पाहायचे आहे. नजर सोलापूर जिल्ह्यावर ठेवली आहे, कारण मोठ्या शहरांतल्या इस्पितळांची कथा बरीच लिहिली गेली. धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरपासूनचे रुग्ण ज्या गावाच्या ‘सिव्हिल’ रुग्णालयाकडे डोळे लावून असतात, त्या गावाच्या बाजूने हे कागद वाचले की त्यांचा अर्थ वेगळा लागतो.

सोलापूर शहरातला पहिला कोविड रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी नोंदला गेला. अहवाल हाती आला तेव्हा तो रुग्ण हयात नव्हता. त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर असलेले प्रमुख कागद स्टेरॉइडच्या विरोधात होते. फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’मधल्या टिपणाने सार्स आणि मर्सचा अनुभव तपासून स्टेरॉइडला आधार नसल्याचे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्चमधली मार्गदर्शिका चाचणीबाहेर ही औषधे सरसकट देऊ नका असे सांगत होती, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्चच्या सूचनांतही तोच मजकूर होता. म्हणजे कोविडकाळाची सुरुवात स्टेरॉइडच्या नकाराने झाली. पुढे जे घडले ते समजून घ्यायला हा नकार लक्षात ठेवायला हवा. घाईने दिलेली परवानगी आणि घाईने दिलेला नकार या दोन टोकांमध्ये आपली व्यवस्था वर्षभर हेलकावत होती.

हे औषध मुळात आपल्याच शरीराची नक्कल आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या सालीतून कॉर्टिसोल स्रवते. ते पेशीत शिरून तिथल्या ग्राहकाला चिकटते, केंद्रकात जाते आणि दाह पेटवणाऱ्या जनुकांचा आवाज बंद करते. त्याच वेळी ते यकृताला साखर तयार करायला लावते आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना मंद करते. दाह शमणे, साखर चढणे आणि प्रतिकार झोपणे ही तीनही कामे त्याच एका रेणूची आहेत. पहिले घ्यायचे आणि उरलेली दोन नाकारायची अशी सोय कुठल्याच कारखान्याला अजून पूर्णपणे साधलेली नाही. डेक्सामिथासोन १९५८ साली बाजारात आले. त्याची ६ मिलिग्रॅमची गोळी साधारण ३२ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या ताकदीची असते.

या औषधांच्या जन्माचे कागद फार स्वच्छ आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच १९२९ पासून एका गोष्टीचा माग काढत होते: संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की सांधे काही काळ मोकळे का होतात? त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश रायखश्टाइन हे गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक रेणू वेगळा करत होते. रायखश्टाइन यांनी १,००० किलो ग्रंथींपासून सुरुवात केली, तेव्हा हाती काही ग्रॅमच लागले. १९४४ मध्ये मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून तीसहून अधिक टप्प्यांनी त्यांतला एक रेणू, कॉर्टिसोन, बनवून दाखवला. २१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या, संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला पहिले इंजेक्शन दिले गेले. आठवड्याभरात ती चालू लागली. १३ एप्रिल १९४९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालात १४ रुग्णांची हकिगत आहे, आणि औषध थांबवल्यावर दुखणे परत आल्याचेही त्यात आहे. १९५० चे नोबेल हेंच, केंडल आणि रायखश्टाइन यांना मिळाले. चेहरा फुगणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मन बिघडणे हे परिणामही त्याच सुरुवातीच्या वर्षांत नोंदले गेले. स्टेरॉइडचे दुष्परिणाम मागाहून कळले असे अनेकदा म्हटले जाते, ते खरे नाही. औषध आणि त्याची किंमत यांची नोंद जवळजवळ एकाच वेळी झाली.

या कथेतला एक कागद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. १९५२ साली अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीचे ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त एक छोटा शोधनिबंध छापला. स्टेरॉइडच्या सांगाड्यावर अकराव्या कार्बनला ऑक्सिजन जोडणे हा कॉर्टिसोन बनवण्यातला सर्वांत अवघड टप्पा होता, रसायनशास्त्रज्ञांना त्यासाठी लांबलचक फेरा मारावा लागे. पीटरसन आणि मरे यांनी हे काम एका बुरशीकडून एका दमात करून घेतले. मेक्सिकोतल्या कंदांपासून स्वस्तात मिळणारे प्रोजेस्टेरॉन त्यांनी बुरशीच्या हवाली केले आणि तिने ऑक्सिजन नेमका तिथे जोडून दिला. स्टेरॉइड श्रीमंतांचे औषध राहिले नाही, डेक्सामिथासोन १९७७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या पहिल्याच यादीत जाऊ शकले, आणि २०२० मध्ये संपूर्ण उपचाराचा खर्च माणशी सुमारे ५ पौंड असे ‘रिकव्हरी’च्या प्रमुखांना सांगता आले. या सगळ्याच्या मुळाशी तो टप्पा आहे.

त्या बुरशीचे नाव ऱ्हायझोपस अऱ्हायझस. भारतात म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘म्युकर’ हा बुरशीचा आजार, झालेल्या रुग्णांच्या नाकातून, जबड्यातून, डोळ्यांच्या खोबणीतून सर्वाधिक वेळा जी बुरशी वाढवून ओळखली गेली, ती याच जातीची.

यातून कुणी शापाची किंवा सूडाची गोष्ट रचू नये. ही बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात, हवेत सगळीकडे असते. तिचे बीजाणू आपण सारे रोज श्वासाबरोबर घेतो आणि निरोगी शरीर त्यांना गिळून टाकते. प्रयोगशाळेत तिला कामाला लावणे आणि रुग्णाच्या शरीरात तिला वाट करून देणे यांचा रासायनिक संबंध नाही. तरीही माणसाने ज्या जिवाकडून हे औषध स्वस्त करून घेतले, त्याच जिवाला रोखणारे पहारेकरी त्या औषधाने झोपतात हे वैद्यकाला माहीत होते. मधुमेह आणि स्टेरॉइड ही म्युकरची दोन ठळक कारणे क्रमिक पुस्तकांत कोविडच्या कितीतरी आधीपासून शेजारी शेजारी छापलेली आहेत. चंडीगडचे अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी तर भारतात हा आजार जगाच्या तुलनेत अनेक पटींनी जास्त असल्याचे वर्षानुवर्षे लिहीत होते.

आता पुन्हा तारखांकडे. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डहून प्रसिद्धीपत्रक निघाले. त्यात ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांना फायदा नाही हे वाक्य आहे. वृत्तपत्रांचे मथळे स्वाभाविकपणे पहिल्या ओळीवर गेले: पहिले जीव वाचवणारे औषध, तेही स्वस्त. अकरा दिवसांनी, २७ जूनला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपली उपचारपद्धती सुधारली. मध्यम आणि गंभीर रुग्णांसाठीच स्टेरॉइड, सौम्य रुग्णांसाठी नाही. ही विभागणी बरोबर होती. २ सप्टेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांना द्या आणि सौम्यांना देऊ नका, अशा दोन्ही शिफारशी एकाच कागदावर केल्या. १५ सप्टेंबरपासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन मोजू लागले. म्हणजे तिसरी ओळ अमलात आणायला जे एकमेव यंत्र लागते, ते बोटाला लावायचे चिमट्याएवढे उपकरण, सोलापूर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेले होते. २०२० च्या शरद ऋतूत ज्ञानही जागेवर होते आणि साधनही.

मात्रेचा हिशेब मात्र इथेच हलला. जूनच्या केंद्रीय पद्धतीत डेक्सामिथासोन वजनावर सांगितले आहे: मध्यम रुग्णाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, गंभीर रुग्णाला ०.२ ते ०.४. साठ किलोच्या माणसासाठी हे ६ ते १२ आणि १२ ते २४ मिलिग्रॅम होते. ज्या चाचणीच्या आधाराने औषध स्वीकारले तिची मात्रा वजन न पाहता ६ होती. म्हणजे अधिकृत कागदाने चाचणीच्या चौपटीपर्यंत मुभा दिली. २२ एप्रिल २०२१ च्या एम्स आणि आयसीएमआरच्या पत्रकातही गंभीर रुग्णासाठी मिथाइलप्रेडनिसोलोन किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम आहे. त्याच माणसासाठी त्याचे डेक्सामिथासोनमधले रूपांतर सुमारे ११ ते २२ मिलिग्रॅम भरते.

याचा निवाडा आजच्या ज्ञानाने करू नये. तेव्हा जास्त मात्रेचा प्रश्न खरोखर खुला होता. ‘कोविड स्टेरॉइड २’ या चाचणीत भारतातली इस्पितळेही होती आणि ती १२ विरुद्ध ६ मिलिग्रॅम हेच पाहत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या तिच्या निकालात १२ मिलिग्रॅमच्या गटात २७.१ टक्के आणि ६ च्या गटात ३२.३ टक्के मृत्यू होते, पण फरक निर्णायक ठरला नाही. खरे उत्तर २०२३ साली मिळाले. ‘रिकव्हरी’ने साधा ऑक्सिजन लागणाऱ्या किंवा ऑक्सिजन उतरलेल्या पण अजून न लावलेल्या रुग्णांत पाच दिवस २० आणि पुढचे पाच दिवस १० मिलिग्रॅम अशी मात्रा तपासली. जास्त मात्रेच्या गटात ६५९ पैकी १२३ जण गेले, नेहमीच्या उपचारात ६१३ पैकी ७५. १९ टक्के आणि १२ टक्के. दुसऱ्या ओळीतल्या रुग्णांनाही मर्यादा ओलांडली की औषध मारते, हे तेव्हा कळले. एप्रिल २०२१ मध्ये सोलापूरच्या एखाद्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरकडे हे ज्ञान नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. त्याच्यावर दोष ठेवणारा इतिहास मला लिहायचा नाही.

तिसऱ्या ओळीचे तसे नाही. तिचे उत्तर हातात होते.

१७ एप्रिल २०२१ रोजी पंढरपूर–मंगळवेढा विधानसभा पोटनिवडणुकीचे मतदान झाले. दुसरी लाट तेव्हा चढणीवर होती. पाच दिवसांनी वर सांगितलेले राष्ट्रीय पत्रक आले. सौम्य रुग्णाच्या रकान्यात त्याने ताप-खोकला पाच दिवसांपुढे टिकला तर श्वासातून घ्यायचे ब्युडेसोनाइड सुचवले. पोटात जाणारे स्टेरॉइड त्या रकान्यात नव्हते. २८ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी सुधारित सूचना काढल्या. माझ्या मते या सगळ्या दप्तरातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. त्यात लागोपाठ दोन वाक्ये आहेत. पहिल्याचा आशय असा की सौम्य आजारात तोंडाने स्टेरॉइड देऊ नये. दुसऱ्याचा असा की ताप-खोकला सात दिवसांपुढे राहिला तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन कमी मात्रेचे तोंडी स्टेरॉइड घ्यावे.

सात हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ‘रिकव्हरी’त लक्षणे सुरू होऊन सात दिवस उलटलेल्या रुग्णांना फायदा दिसला, त्याआधीच्यांना नाही. पण ते सारे इस्पितळात दाखल झालेले होते आणि फायद्याची मुख्य अट ऑक्सिजनची होती. माझा तर्क असा की दोन अटींपैकी मोजायला सोपी, म्हणजे दिवसांची, कागदावर राहिली आणि ऑक्सिजनची सुटली. घरच्या पलंगावरच्या, ९७ ऑक्सिजन असलेल्या, पण आठव्या दिवशी खोकणाऱ्या माणसाला स्टेरॉइड देण्याचे दार सरकारी कागदानेच किलकिले केले. जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी सूचना पाळल्या नाहीत असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे दुसरे वाक्य वाचायला हवे.

त्यात भर पडली स्कोअरची. ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न त्या दिवसांत महाराष्ट्रात प्रकृती विचारण्याच्या जागी आला होता. छातीच्या एचआरसीटीतला २५ पैकीचा तो आकडा. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये या तपासणीचा दर २,००० ते ३,००० रुपयांवर बांधून दिला होता, त्यामुळे ती तालुक्याच्या माणसाच्याही आवाक्यात आली. ‘रिकव्हरी’च्या तिन्ही ओळींत स्कोअर कुठेच नाही. फुप्फुसावर डाग दिसत असतानाही ऑक्सिजन उत्तम असलेले कितीतरी रुग्ण असतात, आणि त्यांची जागा तिसऱ्या ओळीत आहे. ३ मे २०२१ च्या पत्रकार परिषदेत एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी स्कॅन करू नका आणि सुरुवातीलाच स्टेरॉइड घेऊ नका हे दोन इशारे एकत्र दिले. दोन्ही चुका एकमेकींचा हात धरून चालल्या होत्या, म्हणूनच इशारेही जोडीने आले.

स्टेरॉइडशी आपली सलगी कोविडने सुरू केली नव्हती, हेही नोंदवायला हवे. दम्याला, गुडघेदुखीला, अंगावरच्या नायट्याला झटपट गुण येणारी गोळी किंवा मलम म्हणून ही औषधे चिठ्ठीवाचून घरोघरी पोचली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. ‘डेक्सा’ आणि ‘मेड्रॉल’ ही नावे २०२१ मध्ये घराघरांत बोलली गेली, तेव्हा त्या ओळखीला आधीचा पाया होता.

इतिहास लिहिणाऱ्यापुढे इथे एक विचित्र अडचण उभी राहते. एप्रिल–मे २०२१ मधल्या रेमडेसिविर या विषाणूविरोधी औषधाचे दप्तर भरपूर आहे. टंचाई होती, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली वाटप झाले, याद्या झाल्या, काळ्या बाजारावर गुन्हे नोंदले गेले, न्यायालयात सुनावण्या झाल्या. आजारातून जीव वाचवण्याच्या बाबतीत रेमडेसिविरचा उपयोग तेव्हाही वादग्रस्त होता. डेक्सामिथासोनचा उपयोग निःसंशय होता आणि धोकाही निःसंशय होता. पण ते स्वस्त होते, भरपूर होते, कुणाला रांग लावावी लागली नाही, त्यामुळे त्याच्या वाटपाचा शासकीय कागदच निर्माण झाला नाही. महाग औषध माग सोडते, स्वस्त औषध सोडत नाही. अभिलेखागारावर विसंबून भावी अभ्यासकाने दुसऱ्या लाटेचा इतिहास लिहिला तर तो रेमडेसिविरचा इतिहास होईल. स्टेरॉइडची गोष्ट त्याला आडून शोधावी लागेल, आणि त्यातला एक मार्ग म्युकरच्या नोंदींतून जातो.

त्या नोंदी मेच्या आधीपासून आहेत. डिसेंबर २०२० मध्येच दिल्ली आणि अहमदाबादच्या डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या रुग्णांत म्युकर दिसत असल्याचे सांगितले होते. अतुल पटेल आणि सहकाऱ्यांनी १६ केंद्रांतून सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांतले २८७ रुग्ण गोळा केले. त्यांपैकी १८७ जणांना कोविड होऊन गेला होता किंवा सुरू होता. आदल्या वर्षीच्या याच काळाच्या तुलनेत रुग्ण दुपटीहून जास्त होते. कोविडमधली ऑक्सिजनची घट आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर हे दोन घटक स्वतंत्रपणे या आजाराशी जोडलेले आढळले. अभ्यास छापून आला तोवर दुसरी लाट ओसरत होती. ज्या इशाऱ्याने एप्रिल वाचला असता तो पहिल्या लाटेच्या वॉर्डांतच लिहिला गेला होता, आणि जर्नलच्या नेहमीच्या वेगाने चालत आला.

९ मे २०२१ रोजी आयसीएमआरने म्युकरवर सल्लापत्र काढले: साखर सांभाळा, स्टेरॉइड योग्य वेळी, योग्य मात्रेत, योग्य काळच द्या. २० मेला केंद्राने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली हा आजार नोंदणीयोग्य करायला राज्यांना सांगितले. त्यामुळेच आज आकडे हाती आहेत. २६ मेच्या केंद्रीय वाटपाच्या यादीत देशात ११,७१७ रुग्ण आहेत. गुजरात २,८५९, महाराष्ट्र २,७७०. त्या दिवशी वाटलेल्या ॲम्फोटेरिसिन-बी या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्या २९,२५०. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम लागते. साठ किलोच्या रुग्णाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या दिवसाला, आणि उपचार आठवडेच्या आठवडे. त्या यादीतल्या कुप्या रुग्णांत समान वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच येतात, म्हणजे अर्ध्या दिवसाचेही औषध नाही. ही एक यादी वाचली की त्या मे महिन्यात इंजेक्शनसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणाऱ्या नातेवाइकांचे काय झाले असेल ते वेगळे सांगावे लागत नाही. २७ मेला वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने उत्पादन सुरू केले. बाजारात ७,००० रुपयांच्या आसपास असलेली कुपी १,२०० रुपयांना देण्याचे जाहीर झाले. तरीही सहा कुप्यांचे दिवसाला ७,२०० रुपये होतात. जी गोळी काही रुपयांत मिळाली तिच्या चुकीची भरपाई या दराने चालली होती, आणि ती फक्त पैशांत नव्हती. वरचा जबडा, टाळू, सायनस, कधी डोळा काढून टाकल्याशिवाय ही बुरशी अनेकदा थांबत नाही, कारण ती रक्तवाहिन्यांत शिरते आणि पुढचा भाग मरतो, तिथवर औषध पोचतच नाही. जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले.

महाराष्ट्र सरकारने मे महिन्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत म्युकरचा उपचार मोफत केला. मेअखेर आरोग्य सेवा महासंचालनालयाने सौम्य रुग्णांच्या रकान्यातली बहुतेक औषधे काढून टाकली आणि स्टेरॉइड फक्त दाखल झालेल्या मध्यम-गंभीर रुग्णांपुरते ठेवले. २८ एप्रिलचे ते दुसरे वाक्य महिन्याभरात असे मागे पडले.

त्याच आठवड्यात, ३० मेला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी गाव कोरोनामुक्त ठेवणाऱ्या तीन सरपंचांची नावे घेतली. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार, आणि दोघे सोलापूर जिल्ह्यातले: मोहोळ तालुक्यातल्या घाटणेचे तरुण सरपंच ऋतुराज देशमुख आणि दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीच्या कोमल करपे. या गावांचे कौतुक ‘गाव वाचवले’ एवढ्यावर थांबले. मला त्यात आणखी काही दिसते. लवकर तपासणी, लवकर विलगीकरण आणि रोजची विचारपूस ही सगळी तिसऱ्या ओळीतल्या माणसाला तिसऱ्या ओळीतच ठेवण्याची पद्धत आहे. ज्याच्या बोटाला रोज कुणीतरी यंत्र लावते, त्याला आठव्या दिवशी भीतीपोटी गोळी द्यावी लागत नाही. आणि ऑक्सिजन खरोखर उतरलाच, तर तो त्याच दिवशी कळतो आणि पहिल्या दोन ओळींचा लाभ त्याला वेळेत मिळतो.

जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेच्या तोंडावर राष्ट्रीय पद्धत पुन्हा छापली गेली. तिच्यात स्टेरॉइड फार लवकर, फार जास्त किंवा फार दिवस दिल्यास म्युकरसारख्या संसर्गाचा धोका असतो, हे सरळ लिहिले आहे.

हा सारा आराखडा दिल्ली, ऑक्सफर्ड, जिनिव्हा इथल्या कागदांवर उभा आहे. सोलापूरचा स्वतःचा इतिहास लिहायचा तर रुग्णाच्या फाइली लागतात: दाखल होतानाचा ऑक्सिजन, स्टेरॉइड कोणत्या तारखेला सुरू झाले, कोणत्या मात्रेने, किती दिवस, आणि साखरेचा तक्ता. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. २०२१ च्या मे महिन्यातल्या नोंदींची ती मुदत मे २०२४ मध्ये संपली. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने, जिल्ह्यातल्या सहकारी आणि खासगी रुग्णालयांनी उरलेल्या फाइली रद्दीत जाण्याआधी, नावे झाकून, एका जागी आणायला हव्यात. ज्या घरांत पिशवीत गुंडाळलेली डिस्चार्ज कार्डे, औषधांच्या पावत्या आणि स्कोअरचे कागद अजून कपाटावर पडलेले आहेत, त्यांनी ते टाकू नयेत. मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्यात असेही तीच नियमावली सांगते, आणि जिथे फाइल अजून शिल्लक आहे तिथे रुग्णाला किंवा त्याच्या माणसांना ती आजही मागता येईल.